पिचरचे चेंडू मोजतात, फ्लायरचं पडणं कोण मोजतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावीत, सोळा वर्षांचा, शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य बेसबॉल संघात पिचर, फलंदाजाला चेंडू टाकणारा. मुलगी आठवीत, सप्टेंबरपासून त्याच हायस्कूलमध्ये जाईल आणि तिला चिअरलीडिंगच्या संघात जायचंय. त्या संघाची निवड मे महिन्यात, म्हणजे बेसबॉलचा हंगाम ऐन भरात असताना. मुलाच्या कोपराची तुम्हाला धास्ती वाटते. मुलीबद्दल मात्र तुम्ही लिहिलंय, "तिचं काय, हौस आहे, निदान दादाच्या मॅचला तरी चिअर करेल." सासूबाईंना मैदानाच्या कडेचं ते नाचणं पसंत नाही, हेही लिहिलंय. आणि विचारलंय एवढंच, की दोघांचं वेळापत्रक जमवायचं कसं.

मी न्यू जर्सीत एका पब्लिक हायस्कूलची ॲथलेटिक ट्रेनर आहे, हे सोळावं वर्ष. ट्रेनर म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना जिममध्ये वजनं उचलायला लावणारी बाई डोळ्यांसमोर येते. माझं काम वेगळं. मैदानावर कोणाला लागलं तर पहिली धावते ती मी, आणि मूल पुन्हा खेळायला कधी उतरणार हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवते तीही मीच. मूळची फिजिओथेरपिस्ट, पुण्यात शिकलेली. बेसबॉल इथे येऊन शिकले आणि अजूनही इनफिल्ड फ्लायचा किचकट नियम कोणी विचारला तर आधी एक घोट पाणी पिते.

वेळापत्रक जमतं हो. कारपूल असतं, शाळेची लेट बस असते, आणि जूनचा मध्य आला की सगळं आपोआप संपतं. मला तुमच्या प्रश्नात खटकली ती काळजीची वाटणी. मुलाच्या खेळात काळजी घ्यायची एक व्यवस्था आहे. ती अपुरी आहे, पण आहे. मुलीच्या खेळात ती बऱ्याच शाळांमध्ये आईबापांना मागून घ्यावी लागते, आणि एप्रिल-मेमध्ये ती सगळ्यात पातळ झालेली असते.

आधी एक गैरसमज दूर करते. दादाच्या मॅचला ती बहुधा चिअर करणार नाही. शाळेचा चिअर संघ ऑगस्टअखेरपासून फुटबॉलच्या मागे असतो, थंडीत बास्केटबॉलच्या. बेसबॉल आमच्याकडे मार्चच्या मध्यात सुरू होतो. मॅचेस आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चारला, सात इनिंगच्या, म्हणजे सात डावांच्या, आणि प्रेक्षकांत घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेले पंधरा-वीस आईबाप. चेंडूला पाठ करून मैदानाच्या कडेला उभं राहायचं तर फाउल बॉल, म्हणजे बॅटीला लागून रेषेबाहेर उडालेला चेंडू, डोक्यात बसायचा. दक्षिणेकडच्या काही शाळांमध्ये बेसबॉलसाठी 'डायमंड गर्ल्स' अशा नावाचे मुलींचे वेगळे गट असतात. त्या धावफलक सांभाळतात, बॅटी उचलतात, खाण्याचा स्टॉल चालवतात. चिअरच्या उड्या आणि मनोरे त्यात नसतात. म्हणजे कागदावर बेसबॉलचा हंगाम हा चिअर संघाच्या सुट्टीचा काळ. प्रत्यक्षात याच दिवसांत निवड होते, नव्या मुली येतात आणि ज्यांनी कधी कोणाला खांद्यावर घेतलेलं नाही त्या पहिल्यांदा घेतात. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आता मुलाचं. २०१७च्या हंगामापासून हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने प्रत्येक राज्याला पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घालणं सक्तीचं केलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी इनिंग मोजत. पण एक इनिंग नऊ चेंडूंतही संपते आणि पस्तीसमध्येही, त्यामुळे त्या मोजणीला फारसा अर्थ नव्हता. नेमका आकडा राज्याराज्यात वेगळा आहे, तुमच्या राज्याचा तक्ता प्रशिक्षकाकडे मागा. घरी ताडून पाहायला मेजर लीग ही व्यावसायिक बेसबॉलची लीग आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांनी मिळून काढलेला 'पिच स्मार्ट' तक्ता चांगला. १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू. ३०पर्यंत टाकले तर सक्तीची विश्रांती नाही, ३१ ते ४५ला एक दिवस, ६०पर्यंत दोन, ७५पर्यंत तीन, आणि ७६च्या पुढे चार दिवस.

ही मोजणी गळकी आहे, आणि कुठे गळते ते मी रोज बघते. दोन्ही बाजूचे स्कोअरर फक्त फलंदाजाला टाकलेले चेंडू मोजतात. बुलपेनमध्ये, म्हणजे कडेच्या सरावाच्या जागेत, अंग गरम करताना टाकलेले, दोन इनिंगच्या मध्ये टाकलेले कोणी धरत नाही. फ्लोरिडातल्या शाळकरी पिचर्सच्या एका अभ्यासात मॅचच्या दिवशी टाकलेल्या चेंडूंपैकी सुमारे ४२ टक्के कुठल्याच हिशेबात नव्हते. दुसरी गळती शनिवार-रविवारची, म्हणजे शाळेबाहेरची ट्रॅव्हल टीम, कॉलेजवाल्यांना खेळ दाखवायचे शोकेस, खाजगी पिचिंग कोच. शाळेच्या प्रशिक्षकाला बाहेरचं माहीत नसतं, बाहेरच्याला शाळेचं, आणि पोरगं दोघांनाही सांगतं "आय ॲम गुड". तिसरी गळती पावसाची. एप्रिलमध्ये चार मॅचेस वाहून जातात आणि मेच्या एका आठवड्यात सगळ्या एकदम येऊन पडतात. मग तीन दिवस विश्रांती हवी असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पिचिंग न करता कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला, बसतो. नियम मोडत नाही, पण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो, हाताला कुठे कळतं मैदानावरची जागा बदलली ते.

म्हणून घरात एक वही ठेवा. फ्रिजवर कागद लावला तरी चालेल. तारीख, मॅचमधले चेंडू, बुलपेनमधले अंदाजे, आणि दुसऱ्या दिवशी हात कसा आहे हे त्याच्याच शब्दांत. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात, हात थकलेला असतानाही नियमित पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट आढळली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांची पाच पट. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटल्यावर जी टॉमी जॉन शस्त्रक्रिया करतात, ती १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली ती टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त १५ ते १९ वयाच्या मुलांवर झालेल्या निघाल्या. पालक मला विचारतात, "शस्त्रक्रियेनंतर वेग वाढतो म्हणे?" वाढत नाही हो. वर्षभर घरी बसून पोरगं मन लावून व्यायाम करतं, त्याचा फरक दिसतो.

मुलीकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

आपल्या डोळ्यांसमोर चिअरलीडर येते ती २००८च्या आयपीएलमधली, चौकार गेला की झुपके हलवणारी. सासूबाईंच्याही तीच डोळ्यांसमोर असणार. त्यांना सांगा, दहीहंडी आठवा. शाळेच्या चिअरमध्ये खाली दोन 'बेस' असतात, मागे एक 'बॅक स्पॉट', आणि वर जाते ती 'फ्लायर'. या मनोऱ्याला 'स्टंट' म्हणतात. आपल्या भाषेत थर आणि वरचा गोविंदा. हायस्कूलमध्ये दोन थरांपेक्षा उंच जायला बंदी आहे. पण वरची मुलगी कधी एका पायावर उभी असते, कधी हवेत फेकून झेलली जाते. दहीहंडीत खाली माणसांची गर्दी तरी असते, इथे झेलायला तीन मुली आणि त्यातली एक परवा भरती झालेली.

आकडे दोन तऱ्हेचे आहेत, आणि लोक आपल्या सोयीचा तेवढा उचलतात. २००९ ते २०१४ या वर्षांतल्या हायस्कूलच्या नोंदींत दुखापतींच्या एकूण प्रमाणात चिअरलीडिंग २२ खेळांत अठरावं होतं. म्हणजे रोजचं लागणं-खुपणं कमी, सॉकरपेक्षा कितीतरी कमी. पण झालेल्या दुखापतींत पहिला नंबर कनकशनचा, डोक्याला बसलेल्या धक्क्याचा. आणि अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२च्या निवेदनात मांडलेला आकडा असा: १९८२ ते २००९ या काळात हायस्कूलच्या मुलींना खेळताना झालेल्या अतिगंभीर दुखापतींपैकी, म्हणजे मान, मणका, डोकं यांच्या मोठ्या इजांपैकी, ६५ टक्के चिअरलीडिंगमधल्या. क्वचित लागतं, पण लागलं तर भलत्या जागी लागतं. मुलीला रोखायला हे सांगत नाही. माझ्या शाळेतल्या सगळ्यात कणखर पोरी याच संघात आहेत.

मग एवढं असून लक्ष कमी का? कारण अनेक ठिकाणी हा खेळच धरला जात नाही, 'ॲक्टिव्हिटी' धरली जाते, वादविवाद मंडळासारखी. राज्याराज्यात फरक आहे. २०१०मध्ये कनेटिकटमधल्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकाल दिला की शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान संधी देणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यासाठी स्पर्धात्मक चिअरलीडिंग अजून खेळ म्हणून मोजता येणार नाही. विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याच्या जागी चिअर दाखवायचा घाट घातला होता, आणि व्हॉलीबॉलवाल्या मुली कोर्टात गेल्या. माझ्या मते त्या मुलींचं बरोबरच होतं. पण शाळांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला, की खेळ नाही तर खेळाची बंधनंही नाहीत. बालरोगतज्ज्ञांनी २०१२मध्ये उलट मागणी केली, की याला खेळ म्हणा, म्हणजे प्रशिक्षित कोच, सरावाची चांगली जागा, वैद्यकीय मदत हे सगळं ओघाने येईल. २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. आपल्याकडे दहीहंडीला २०२२मध्ये राज्य सरकारने खेळाचा दर्जा जाहीर केला आणि त्याच सुमारास गोविंदांच्या विम्याची घोषणा झाली, ते आठवत असेल. नाव बदललं की कागद हलतात, इथेही आणि तिथेही.

आता पावसाची गोष्ट. शाळा आताची नाही, आधीची. एप्रिलची दुपार, धो धो पाऊस. बेसबॉलचं मैदान बंद, म्हणून ती मुलं जिममध्ये आली, जाळ्या सोडल्या, पिचिंग सुरू झालं. चिअरच्या निवडीचं सराव-शिबिर जिममध्ये व्हायचं होतं, ते गेलं कॅफेटेरियात. खाली फरशी, मॅट नाही, कारण मॅट जिमच्या कोठडीत आणि कोठडीपुढे जाळी. मी बाहेर लॅक्रॉसच्या मॅचला. ती पावसातही होते आणि तिथे धडका होतात, म्हणून मी एकटी असले की तिथे असते. कॅफेटेरियात कोच म्हणाल्या, फक्त खांद्याइतकंच करू. फ्लायर घसरली, ती वाचली, पण तिचं कोपर खालच्या बेसच्या कानशिलावर बसलं. बेस झालेली नववीतली मुलगी म्हणाली, ठीक आहे, आणि पुढे वीस मिनिटं सराव केला. रात्री तिच्या आईचा फोन आला, उलट्या होत होत्या. पूर्ववत व्हायला पाच आठवडे गेले. त्याच दुपारी त्याच इमारतीत बेसबॉलचे असिस्टंट कोच हातातल्या क्लिकरवर जिममधल्या पिचरचा एकेक चेंडू मोजत होते. सरावाचे मोजायची सक्ती नसूनही. ते अगदी योग्यच करत होते. कॅफेटेरियात मात्र मोजायलाही कोणी नव्हतं आणि थांबवायलाही.

तेव्हापासून मी पालकांना सांगते: निवडीआधीच्या सभेत कोचना विचारा, पाऊस पडला तर मुली कुठे सराव करतात? उत्तर "मॅट नसेल तर स्टंट नाही, त्या दिवशी नाच आणि आरोळ्यांचा सराव" असं आलं तर निर्धास्त व्हा, ती बाई जाणती आहे. "बघू, जागा मिळेल तिथे" असं आलं तर पुढचे प्रश्न विचारावेच लागतील. स्टंट शिकवायचं प्रशिक्षण कोचने घेतलंय का. खालच्या पातळीचं पक्कं झाल्याशिवाय वर जाऊ देत नाहीत ना. ट्रेनर दुसऱ्या मैदानावर असेल तर तिला बोलवायचं कोणी, कसं, आणि इमारतीतलं डीफिब्रिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे. डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी मुलगी पुन्हा उभी राहणार नाही, हे लेखी आहे का. आमच्या न्यू जर्सीच्या कनकशनच्या कायद्यात चिअरलीडिंगचं नाव घातलेलं आहे. तुमच्याकडे नसेल तरी विचारायला हरकत नाही. विचारलं म्हणून कोच रागावत नाहीत. बऱ्याच जणींना उलट बरं वाटतं, कारण मॅटसाठी त्या स्वतः ऑफिसशी भांडत असतात आणि पालकांचा ईमेल त्यांच्या कामी येतो.

तुम्ही तिची उंची-बांधा लिहिलेला नाही, पण आपल्या मुली चणीने लहान असल्या की त्यांना पहिल्याच दिवशी फ्लायर करतात. तिला तेच हवंही असेल, सगळ्यांचं लक्ष वरच असतं. जिम्नॅस्टिक्स केलेलं असेल तर ठीक, पडायचं कसं हे त्या मुलींच्या अंगात असतं. केलेलं नसेल तर पहिलं वर्ष बेस किंवा बॅक स्पॉट होऊ दे. आणि "हलकी आहेस म्हणून वर" हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात कसं बसतं त्यावर डोळा ठेवा. डबा परत येऊ लागला तर मला किंवा तुमच्या शाळेतल्या ट्रेनरला लगेच सांगा. निवडीसाठी बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवरून मागे मारायची उडी, दोन आठवड्यांत शिकवून देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. ज्या मुलीचं मनगट मेमध्ये सुजतं ती बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते.

माझं हे सगळं एका राज्यातलं, मध्यम आकाराच्या पब्लिक शाळेतलं. टेक्सासमध्ये चिअरचा थाट वेगळा, पैसा वेगळा, तिथे कदाचित तुमच्या मुलीला बेसबॉलच्या मुलांपेक्षा चांगली मॅट मिळेल. छोट्या शाळेत ट्रेनरच नसेल. बाहेरच्या ऑल-स्टार जिममध्ये, म्हणजे खाजगी चिअर क्लबमध्ये, घालायचा विचार असेल तर तिथले कोच बरेचदा जास्त तयार असतात, पण खर्च वाढतो आणि शाळा अधिक जिम असं दोन्हीकडे चालू झालं की तिचीही गत ट्रॅव्हल टीममधल्या पिचरसारखी होते, दोघांपैकी कोणालाच पूर्ण हिशेब माहीत नसतो. फ्रिजवरच्या कागदावर तिचंही नाव लिहा. कोणत्या दिवशी स्टंट केले, पडली का, कोणी अंगावर पडलं का, डोकं दुखतंय का.

वेळापत्रकाचं आता सांगते. निवड बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवसांची असते, आधी सराव-शिबिर आणि शेवटच्या दिवशी परीक्षकांपुढे. तारखा एप्रिलमध्येच कळतात. तो आठवडा तिचा धरा. मुलाच्या मॅचला त्या आठवड्यात बाबा जातील किंवा कोणीच जाणार नाही, अकरावीतल्या मुलाला त्याचं एवढं काही वाटत नाही. आजीला मात्र एकदा घेऊन जा, पण निवडीला नको, तिथे पालकांना आत घेत नाहीत. ऑक्टोबरमधल्या शुक्रवारी रात्रीच्या फुटबॉल मॅचला न्या, अंगावर शाल द्या आणि खालच्या थरातल्या मुलींच्या दंडांकडे बघायला सांगा.

कॉलेजच्या स्कॉलरशिपचं तुम्ही ओघात विचारलंय. बेसबॉलमध्ये २०२५पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, अख्ख्या संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्याही पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. आता नियम बदललेत, तरी त्या भरवशावर ट्रॅव्हल टीमचे हप्ते भरू नका. चिअरसाठी तर मुळीच नको.

आणि बॅट. तो आठवीतली जुनी बॅट घेऊन खेळतो असं लिहिलंय, तर हायस्कूलमध्ये लाकडी सोडली तर बीबीसीओआर असा, चेंडू किती उसळतो ते तपासल्याचा, शिक्का असलेलीच बॅट चालते, २०१२पासून. शिक्का नसेल तर पंच त्याला बाद देतात. नवी घेतलीत तर पावती जपून ठेवा. एप्रिलच्या थंडीत बॅट कधीकधी तडकते, आणि वॉरंटीत बसत असेल तर बदलून मिळते.